पहिल्या पावसानंतर दर वर्षी रक्ती हगवण: औषध बदलण्याआधी पागोळ्यांखाली बघा

नाशिकजवळ, गिरणाऱ्याच्या अलीकडे आमची दीड एकराची वाडी आहे. टोमॅटो, थोडा भात आणि आखाडाच्या हिशेबाने दर वर्षी दीडशे ते दोनशे सोनाली जातीच्या कोंबड्या. शेड लहान आहे, पण कोंबडी दिवसभर बाहेर फिरते, किडामुंगी खाते, माती उकरते. म्हणून गिऱ्हाईक घरी येऊन घेऊन जातं. सलग तीन वर्षं आमच्यावर एकच संकट आलं. मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत तुसावर रक्ताचे डाग, पंख पाडून बसलेले पक्षी, आणि सकाळी शेड उघडलं की कोपऱ्यात मेलेले. औषध दिलं की आठवड्यात थांबायचं. मला वाटायचं, सुटलो. पुढच्या वर्षी नवी पिल्लं, नवं तूस, आणि पुन्हा तोच आठवडा.

हे लिहायचं कारण एवढंच की या तीन वर्षांत मी औषधं बदलली, खाद्याचं दुकान बदललं, पिल्लं देणारा बदलला. जागा मात्र बदलली नाही, आणि आजार जागेत होता. तुमच्याकडेही तो ठरावीक वेळीच येत असेल, तर तुमचेही पैसे चुकीच्या ठिकाणी जात असण्याची शक्यता मोठी आहे.

आधी खात्री करून घ्या

प्रत्येक लाल डाग म्हणजे रक्ती हगवण नव्हे. निरोगी कोंबडीसुद्धा मधूनमधून चॉकलेटी रंगाची, चिकट, घाण वासाची विष्ठा टाकते. ती तिच्या आतड्याच्या शेवटच्या पिशव्यांतली असते. कधीकधी विष्ठेत नारिंगी-लालसर बुळबुळीत तुकडा दिसतो. ती आतड्याची निघालेली साल, तिचीही काळजी नको. पहिल्या वर्षी अशाच एका डागाला घाबरून मी दोन दिवस उगाच औषध पाजलं होतं.

खऱ्या आजारात रक्त ताजं आणि स्पष्ट दिसतं. पक्षी पिसं फुलवून, डोळे मिटून बसतो. तुरा फिका पडतो. खाणं जवळजवळ बंद होतं, पण पाण्याजवळ मात्र जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा, औषध पाण्यातून का द्यायचं ते यातच आहे. नुकताच मेलेला पक्षी डॉक्टरांनी फाडला की आतड्याच्या शेवटाला बोटाएवढ्या दोन बंद पिशव्या दिसतात. एरवी त्यांत तपकिरी लगदा असतो. या आजारात त्या फुगलेल्या आणि काळपट रक्ताने भरलेल्या असतात. जरा जुना आजार असेल तर आत खरवसासारखा घट्ट गोळा सापडतो. मधलंच आतडं फुगून त्यावर पांढरे-लाल ठिपके असतील, तर तो त्याच परजीवीचा दुसरा प्रकार. आतड्याची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली धरली की काही मिनिटांत निकाल लागतो, म्हणून मेलेला पक्षी पुरण्याची घाई न करता पिशवीत बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, असेल तर हगवण हिरवट असते, धाप लागते, काहींची मान वळते. गंबोरो या आजारात पांढरट पातळ हगवण होते आणि तो बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतो. या दोन्हींवर लस हाच उपाय, त्यामुळे लसीकरणाची तारीख चुकली असेल तर आधी तिकडे बघा. एका रात्रीत खूप पक्षी गेले, तुरे निळे पडले, तोंडं सुजली, तर मात्र घरी काहीही फाडू नका, उरलेले विकू नका, सरळ दवाखान्यात कळवा. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला होता आणि उत्तर महाराष्ट्रातल्या कोंबडीवाल्यांना ते दिवस आठवतात.

नेमकं काय होतं

रक्ती हगवण जिवाणूमुळे होत नाही आणि विषाणूमुळेही नाही. आयमेरिया नावाचा परजीवी आतड्याच्या पेशींत शिरून वाढतो आणि त्या फोडतो. त्याची डोळ्यांना न दिसणारी अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट अशी की ताजी पडलेली अंडी आजार देत नाहीत. त्यांना आधी पिकावं लागतं. त्यासाठी ओल, हवा आणि ऊब लागते. पंचवीस-तीस अंशांची ऊब आणि भरपूर ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ती पिकतात. नाशिकचा जून म्हणजे नेमकं हेच हवामान. कोरड्या तुसात तीच अंडी न पिकता पडून राहतात.

एकदा पिकलेलं अंडं चिवट असतं. फिनेल, ब्लीचिंग पावडर आणि नेहमीची जंतुनाशकं त्याचं काही करत नाहीत. सावलीतल्या ओलसर मातीत ते महिनोन्महिने टिकतं, वर्षही काढतं. कडक ऊन, पूर्ण कोरडेपणा आणि उष्णता मात्र त्याला सोसत नाही. दुसऱ्या वर्षी मी शेडभर चुना टाकला आणि फिनेल शिंपडलं. चुन्याने जमीन जरा कोरडी झाली एवढंच. ओल्या तुसात चुना मिसळला की अमोनियाचा वास उलट वाढतो आणि पक्ष्यांचे डोळे चुरचुरतात, तेही अनुभवलं.

आता हिशेब. पक्ष्याने पिकलेली अंडी टिपल्यापासून रक्त दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस जातात. एका अंड्यापासून आठवड्याभरात हजारोंनी नवी अंडी बाहेर पडतात. म्हणून आज रक्त दिसलं तर वहीत पाच-सहा दिवस मागे जा आणि त्या दिवशी काय झालं होतं ते पाहा. मी तिन्ही वर्षांच्या नोंदी अशा मागे मोजल्या. तिन्ही वेळा बोट एकाच गोष्टीवर आलं: पहिला मोठा पाऊस आणि पक्षी बाहेर सोडल्याचा पहिला आठवडा.

तीन बदल एकाच आठवड्यात

आमची पद्धत अशी होती. एप्रिलच्या शेवटी पिल्लं आणायची. मे महिन्यात बाहेर तापतं, घारी फिरतात, म्हणून ती आतच. पहिल्या सरी आल्या, गारवा झाला, की बाहेर सोडायची. आणि साधारण त्याच सुमाराला, सहा आठवडे झाले म्हणून तयार खाद्य थांबवून घरचा मका आणि सोयाबीन पेंड भरडून सुरू करायची.

तयार खाद्याच्या पोत्यावरचं लेबल मी त्याआधी कधी नीट वाचलं नव्हतं. बऱ्याच तयार खाद्यांत याच परजीवीला दाबून ठेवणारं औषध मिसळलेलं असतं, सॅलिनोमायसिन किंवा तसंच दुसरं. म्हणजे सहा आठवडे पिल्लं औषधाच्या पांघरुणाखाली होती, आजाराशी त्यांची ओळखही झाली नव्हती. मग एकाच आठवड्यात आम्ही ते पांघरूण काढलं, त्यांना गेल्या वर्षीच्या जमिनीवर सोडलं, आणि वर पाऊस पडला. यातली एखादीच गोष्ट झाली असती तर पक्ष्यांनी सोसली असती.

पक्षी थोडी थोडी अंडी रोज टिपत गेला तर त्याच्या अंगात या परजीवीविरुद्ध ताकद तयार होते. ही ओळख हळूहळू व्हावी लागते. म्हणून आता मी पिल्लं मेमध्येच, चौथ्या आठवड्यापासून, सकाळी सहा ते नऊ बाहेर सोडते. जमीन तेव्हा कोरडी ठणठणीत असते, अंडी पिकायला ओल नसते, जे काही थोडं पोटात जातं ते पचतं. घरचं खाद्य एका दिवसात न बदलता दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवते, आणि हा बदल मृगाच्या आधी संपवते.

इथे एक इशारा. सॅलिनोमायसिन असलेलं खाद्य चालू असताना सर्दीसाठी टायमुलिन दिलं तर पक्षी लंगडतात, लुळे पडतात, मरतातही. दुकानदार प्रत्येक वेळी विचारेलच असं नाही. डॉक्टरांना औषध लिहून घेताना पोत्यावरचं नाव सांगा. हे खाद्य घोड्याच्या तोंडी लागू देऊ नका, त्याला ते विष आहे.

ओल कुठे आहे ते उभं राहून बघा

सिन्नरला माझा मावसभाऊ आहे. पिल्लं त्याच ठिकाणची, खाद्य तेच, पक्षीही तेवढेच, पण त्याला हा त्रास जवळजवळ नाही. सिन्नर पर्जन्यछायेत येतं, आमच्याकडे त्र्यंबकच्या डोंगरावरून येणारा पाऊस चार-चार दिवस थांबत नाही. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा भागातल्या लोकांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. पाऊस आपण थांबवू शकत नाही, म्हणून मी बराच काळ हातपाय गाळून बसले होते.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी संततधार चालू असताना मी छत्री घेऊन शेडसमोर तासभर उभी राहिले. अर्धा एकर मोकळं असताना सगळे पक्षी दारापासून वीस-पंचवीस फुटांच्या आत होते. त्यातले निम्म्याहून जास्त छपराच्या कडेखाली, पागोळ्यांच्या ओळीत. अंग कोरडं ठेवायला ते भिंतीला चिकटून उभे होते आणि पाय मात्र पागोळ्यांनी खणलेल्या चिखलाच्या पन्हळीत. तिथेच हगत होते, तिथेच चोच मारत होते, तिथलंच पाणी पीत होते. पाण्याची भांडी दोन हातांवर भरलेली होती, त्यांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं.

त्या एका तासाने मला तीन वर्षांचं उत्तर दिलं. आमचा आजार दोन फूट रुंद आणि तीस फूट लांब पट्ट्यात राहत होता. दर वर्षी पक्षी नवे आणि पट्टा जुना. औषध सगळ्यांना पाजलं जात होतं, पण पक्षी डबक्याचं पाणी पिऊन औषधाचं पाणी सोडत होते, म्हणून ते लागू पडायलाही वेळ लागायचा.

मग कामं काढली. सगळ्यात आधी छपराला पत्र्याची पन्हळ बसवली आणि पाणी पाइपाने शेतातल्या चरात सोडलं. कडेची जुनी माती वीतभर खोल उकरून टोमॅटोच्या रानात नेली. त्या जागी मुरूम चोपून वर बारीक खडी टाकली, शेडपासून बाहेर सहा फुटांपर्यंत, उतार बाहेरच्या बाजूला. कामात सगळ्यात जड हेच होतं, ट्रॅक्टरच्या दोन खेपा लागल्या. पण माझं मत विचाराल तर बाकी काहीही न करता एवढंच केलं तरी अर्धा आजार कमी होईल. छप्पर सव्वादोन-अडीच फूट पुढे काढून ताडपत्रीचा पडवीसारखा भाग केला, म्हणजे पाऊस चालू असताना पक्ष्याला बाहेर कोरडं उभं राहता येतं.

पाण्याची भांडी आता जमिनीवर नाहीत. लाकडी चौकटीवर जाळी ठोकून चार बोटं उंच मचाण केलंय, भांडी त्यावर. सांडलेलं पाणी जाळीतून खाली जातं आणि तिथे चोच पोचत नाही. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवी, पक्षी वाढला की भांडं उचलावं लागतं. हे दर चार दिवसांनी करावं लागतं आणि विसरलं की लगेच तूस ओलं होतं.

आत भाताचं तूस. पावसाळ्यात चार इंच टाकते, रोज सकाळी दाताळ्याने परतते. मुठीत घेऊन दाबायचं: लाडू झाला आणि तसाच राहिला तर तूस ओलं, हात उघडताच सुटलं तर ठीक. ओलं झालेलं तेवढंच उचलून बाहेरच्या खड्ड्यात ढीग लावायचा. ढीग आतून तापतो आणि त्यात अंडी मरतात. असं कुजलेलं कोंबडखत पिकाला उत्तम. ताजं मात्र पक्ष्यांच्या फिरण्याच्या जागेत कधीच पसरू नका.

फिरता पिंजरा मीही करून पाहिला. कल्पना चांगली आहे: दहा बाय सहा फुटांचा तळ नसलेला पिंजरा, तीस पक्षी, रोज सकाळी पुढे सरकवायचा. अंडी पिकायला एक-दोन दिवस लागतात, तोवर पक्षी पुढच्या गवतावर गेलेले असतात. मुरमाड, उताराच्या वरकस जमिनीवर तो छान चालतो. आमच्या काळ्या मातीत जुलैमध्ये तो दोघांनाही ढकलता येईना, दोन दिवस एकाच जागी रुतून बसला आणि मग चिखलात पक्षी कोंडल्यासारखंच झालं. काळी माती असेल तर जमिनीचे चार तुकडे पाडा आणि पक्षी आळीपाळीने फिरवा. एका तुकड्यावर एक बॅच झाली की तो पुढचा उन्हाळा पूर्ण होईपर्यंत मोकळा राहील असं बघा. मेचं ऊन त्याला भाजून काढतं. त्यासाठी तिथलं गवत कापून जमीन उघडी करावी लागते, गवताखालची सावली अंड्यांना वाचवते.

पक्षी दारापाशी गर्दी करतात त्याचं कारण भीती आहे. उघड्यावर घार दिसते. दूरच्या बाजूला शेवगा आणि एरंडाच्या ओळी लावल्यापासून ते तिकडे जाऊ लागले, दुपारचं खाद्यही मी तिकडेच टाकते. पक्षी पांगले की विष्ठाही पांगते.

एक गोष्ट घरात बोलायला अवघड गेली. सासूबाईंच्या सात-आठ गावरान कोंबड्या वर्षानुवर्षं अंगणात आहेत, पिल्लांच्या शेडमध्ये येऊन दाणे टिपायच्या. त्या धडधाकट दिसतात, पण मोठी कोंबडी स्वतः आजारी न पडता विष्ठेतून या परजीवीची अंडी टाकत राहते. सासूबाईंना वाटलं मी त्यांच्या कोंबड्यांवर आळ घेतेय. डॉक्टरांनी एका गावरान कोंबडीची विष्ठा तपासून दाखवली तेव्हा त्यांनी स्वतःच कुंपणाला जाळी लावून घेतली. पिल्लांच्या शेडसाठी वेगळ्या चपला आता दारातच ठेवलेल्या असतात. पिल्लांची कामं आधी, मोठ्यांची नंतर.

रक्त दिसलंच तर

त्याच दिवशी सगळ्या कळपाला औषध, फक्त बसलेल्या पक्ष्यांना नव्हे. आधी डबकी बुजवा किंवा पक्षी आत कोंडा, नाहीतर औषधाचं पाणी कोणी पिणार नाही. अँप्रोलियम 20 टक्के पावडर लिटरला 1.2 ग्रॅम, तीन ते पाच दिवस, त्या काळात दुसरं पाणी नाही. रोज ताजं कालवायचं. नंतर लिटरला 0.3 ग्रॅम, एक ते दोन आठवडे. बाजारात वेगळ्या टक्केवारीची पाकिटंही मिळतात, म्हणून प्रमाण डॉक्टरांकडून आणि पाकिटावरून ताडून घ्या. अँप्रोलियम चालू असताना बी-1 असलेलं व्हिटॅमिन देऊ नका. हे औषध परजीवीला बी-1 मिळू न देऊनच काम करतं, वरून तेच पाजलं तर जोर कमी होतो. रक्त जास्त जात असेल तर डॉक्टर व्हिटॅमिन के आणि ए देतात, ते चालतं. त्यानेही आटोक्यात आलं नाही तर टोल्ट्राझुरिल असतं, दोन दिवसांचं. पण त्यानंतर मांस विकायला दोन आठवड्यांहून जास्त थांबावं लागतं. आखाडाच्या तोंडावर हे अवघड जातं, तरी पाकिटावर लिहिलेले दिवस पूर्ण भरल्याशिवाय माझ्या दारातून पक्षी जात नाही. रक्त थांबल्यावरही आठवडाभर लक्ष ठेवा, कारण फाटलेल्या आतड्यात जिवाणू शिरून दुसरी हगवण सुरू होऊ शकते आणि तिला वेगळं औषध लागतं.

पन्हळ आणि मुरूम झाल्यावर दोन पावसाळे गेले. पहिल्या पावसाळ्यात रक्त दिसलंच नाही. दुसऱ्यात चार पक्ष्यांत दिसलं. वहीत सहा दिवस मागे गेले तर त्या रात्री वाऱ्याने पन्हळीचा जोड सुटला होता आणि दाराजवळ पुन्हा पागोळी पडत होती. आमचा नाल्याच्या बाजूचा चौथा तुकडा अजून सुधारलेला नाही. ऑगस्टमध्ये तिथे जमिनीतूनच पाणी झिरपतं, खडी टाकली तरी खचते. तो तुकडा मी दसऱ्यापर्यंत जाळी लावून बंद ठेवते.